पाणी कुठं जाणार?

१९९८ सालचा मे महिना. कुर्ल्याला, मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा गच्चीवर भरली होती. तळमजला धरून चार मजले, चोवीस बिऱ्हाडं, एक पंप आणि एक सदा वैतागलेले सेक्रेटरी, असा आमचा संसार. विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय अंगणाचा होता. इमारतीच्या मागे सुमारे चार हजार चौरस फुटांचं मातीचं अंगण होतं. त्यात एक जुना उंबर, दोन शेवगे, तुळशीवृंदावन आणि पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. मुलं चिखलाचे पाय घेऊन जिने घाण करत, खाली पडलेल्या उंबरांवर चिलटं घोंगावत, आणि नुकत्याच आलेल्या चार मारुती गाड्यांना उभं राहायला धड जागा नव्हती. ठराव साधा होता. अंगणाला सिमेंटचा कोबा करायचा. प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला खर्च किती येईल, तो हिशेब मीच मांडला होता. सरकारी कचेरीत आयुष्यभर आकडे तपासल्यामुळे असली कामं आपोआप माझ्याकडे येत.

विरोधाचा सूर एकच निघाला, तोही तळमजल्यावरच्या काकूंचा. त्या उंबराच्या पारावर दर गुरुवारी दत्ताला दिवा लावायच्या. त्या म्हणाल्या, "कोबा करा हो, माझं काही म्हणणं नाही. पण मग पाणी कुठं जाणार?"

"काकू, गटारात जाणार. आणखी कुठं?" मी म्हणालो.

सगळे हसले. काकूही हसल्या. मग हात वर झाले. मोजले तर तेवीस भरले, आणि त्यातला एक माझा होता. पाठोपाठ सामोसे आले.

काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. ते आज सांगायचं कारण असं, की पुढच्या रविवारी आमची पुन्हा सभा आहे आणि विषय पुन्हा अंगणाचाच आहे.

गावाबाहेरचा निसर्ग

शाळेत आपण निसर्ग शिकलो तो गावाबाहेरचा. गवत हरणानं खायचं, हरीण वाघानं खायचं, वाघ मेला की त्याची माती व्हायची आणि मातीतून पुन्हा गवत उगवायचं. या चक्रात माणूस कुठंच नसायचा, आणि शहर तर नाहीच नाही. शहर म्हणजे निसर्ग जिथं संपतो ती जागा, अशीच आपली समजूत. निसर्ग पाहायचा तर लोणावळ्याला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं.

शास्त्रज्ञांचीही समजूत बराच काळ फार वेगळी नव्हती. सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एक व्यवस्था होते, तिला आपण परिसंस्था म्हणतो. आर्थर टान्सले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ साली या कल्पनेला इंग्रजी नाव दिलं. पण पुढची कित्येक वर्षं अभ्यासकांनी परिसंस्था शोधल्या त्या तळ्यांत, कुरणांत आणि अरण्यांत.

शहराकडे काहींची नजर वळली ती थोडी नाइलाजानं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनच्या इमारती जमीनदोस्त झाल्या आणि विटामातीच्या ढिगाऱ्यांवर पाहता पाहता झाडंझुडपं उगवली. त्यातली कित्येक दूरदेशीची होती. पश्चिम बर्लिन चारही बाजूंनी पूर्व जर्मनीनं वेढलेलं. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना भोवतालच्या रानावनात मोकळेपणी जाता येईना. मग हर्बर्ट सुकॉप यांच्यासारख्या अभ्यासकांनी शहरातलीच झाडं मोजायला घेतली. पडीक जागा, रेल्वेचे रूळ, पडक्या भिंती यांची पाहणी झाली, आणि शहर म्हणजे ओसाड वाळवंट नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९९७ साली अमेरिकेत बाल्टिमोर आणि फीनिक्स या दोन शहरांचा परिसंस्था म्हणून दीर्घकाळ अभ्यास करण्याचं काम सरकारी विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशातून सुरू झालं. रानाचा करावा तसा शहराचा अभ्यास करायचा, आणि त्यात माणसांना, त्यांच्या पैशाला, त्यांच्या सवयींनाही धरायचं.

मला स्वतःला यातलं सर्वांत पटलं ते एबल वोलमन या अमेरिकन अभियंत्याचं म्हणणं, कारण ते हिशेबाच्या भाषेत आहे. १९६५ साली त्यांनी दहा लाख वस्तीच्या एका काल्पनिक अमेरिकन शहराचा रोजचा जमाखर्च मांडला. आत येतं ते सव्वासहा लाख टन पाणी, दोन हजार टन अन्न आणि साडेनऊ हजार टन इंधन. बाहेर जातं ते पाच लाख टन सांडपाणी, दोन हजार टन कचरा आणि साडेनऊशे टन धूर-काजळी. शहर एखाद्या जनावरासारखं खातं, पितं आणि बाहेर टाकतं, म्हणून या लेखाजोख्याला त्यांनी शहराचा चयापचय म्हटलं.

आपल्या मुंबईचंच पाहा ना. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहरात येतं. विहारचं पाणी १८६० साली आलं, तानसाचं १८९२ साली. तहान वाढत गेली तसतशी मुंबई दूर दूर हात पसरत गेली. ज्या शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांतून हे पाणी येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन वणवण करतात. जमेच्या बाजूला पाणी दिसतं. त्या हंड्यांची नोंद आपल्या वहीत कुठंच नसते. खर्चाच्या बाजूला रोजचा सहा हजार टनांहून अधिक कचरा आहे. देवनारच्या डेपोत तो १९२७ पासून साठत आला. आपण डबा दाराबाहेर ठेवतो, तो रिकामा होऊन परत येतो, आणि आपल्यापुरता विषय संपतो. परिसंस्थेत मात्र विषय कधी संपत नाही, कारण तिला 'बाहेर' नावाची जागाच नसते.

उंबर फोडून

आता आमच्या अंगणाकडे येतो. आपण काय बुजवतो आहोत, हे १९९८ साली मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी हात वर केला नसता, असं म्हणायचा मोह होतो. पण ते खरं नाही. तेव्हा मला गाडी घ्यायची होती.

'उंबराचं फूल' म्हणजे कधीच न दिसणारी गोष्ट. उंबराला फुलं असतात, शेकड्यांनी असतात, पण ती त्या गोल फळाच्या आत असतात. त्यांच्यापर्यंत एक चिमुकली गांधीलमाशीच्या जातीची कीटकमादी पोचते. फळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून ती आत शिरते. छिद्र इतकं अरुंद, की शिरताना तिचे पंख गळून पडतात. आत ती अंडी घालते, बरोबर आणलेले परागकण फुलांवर पडतात, आणि ती तिथंच मरते. तिची पोरं आतच वाढतात. नरांना पंख नसतात. ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरून जातात. त्या भोकातून नव्या माद्या पराग घेऊन उडतात, दुसरं उंबर शोधायला. 'उंबर फोडून केंबरं कशाला काढायची' असं आपण म्हणतो, ती केंबरं म्हणजे हीच मंडळी. त्यांच्याशिवाय उंबराला बी धरत नाही, आणि उंबराशिवाय त्यांना घर नाही.

या दोघांच्या संसारावर आमच्या अंगणातल्या किती जणांचं पोट चालत होतं! सकाळी तांबट यायचा, कोकीळ यायचा, बुलबुल यायचे. रात्री वटवाघळं यायची. खाली पडलेल्या फळांवर मुंग्या, चिलटं, किडे. त्या किड्यांवर दयाळ आणि बेडूक. पानं पडायची, गांडुळं ती मातीत ओढायची. गांडुळांच्या बिळांतून पावसाचं पाणी खाली जायचं. मुळं ते पाणी वर ओढायची आणि पानांतून त्याची वाफ हवेत जायची. त्यामुळे एप्रिलच्या दुपारीही पारावर गार वाटायचं. काकू त्याला दत्ताची कृपा म्हणायच्या. मला त्यात भांडण दिसत नाही. कृपा कुठल्या वाटेनं येते, एवढंच मी नंतर वाचलं.

कोबा झाला. बुंध्याभोवती पाराचं गोल कडं तेवढं शिल्लक राहिलं. पहिली दोन वर्षं आम्ही खूश होतो. जिने स्वच्छ राहिले, गाड्या रांगेत लागल्या, मुलांना क्रिकेटला टणक पिच मिळालं. तिसऱ्या उन्हाळ्यात काकू म्हणाल्या, "रात्री झोप येत नाही रे, खिडकीतून भट्टीसारखी धग येते." मी म्हटलं, वय झालं की उकाडा जास्त जाणवतो. पण हे वयाचं नव्हतं. ल्यूक हॉवर्ड नावाच्या हौशी हवामान-अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनमध्ये तापमानाच्या नोंदी ठेवून दाखवलं होतं, की शहर भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असतं, आणि हा फरक रात्री जास्त असतो. दगड, विटा, सिमेंट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते ओकत राहतात. माती ओली असेल तर उन्हातली बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आम्ही काकूंच्या खिडकीखाली चार हजार चौरस फुटांचा तवाच ठेवला होता.

कुठला धागा कुठं जातो

परिसंस्थेची गंमत म्हणा किंवा शिक्षा म्हणा, ती अशी, की इथं एक धागा ओढला की भलतीकडेच काहीतरी उसवतं. याची दोन-तीन उदाहरणं आपल्याच शहरातली आहेत.

पहिलं बिबट्याचं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याच्या तीन बाजूंना इमारती आणि वस्त्या. त्यात पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. २००२ ते २००४ या काळात तिथं माणसांवरचे हल्ले फार वाढले आणि माणसं दगावली. पिंजरे लावा, बिबटे पकडा, लांब नेऊन सोडा, अशी मागणी झाली, आणि तसं केलंही गेलं. पुढे अभ्यासकांनी दाखवलं, की पकडून परक्या मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो आणि त्यानं धोका वाढू शकतो. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. मूळ प्रश्न निराळाच होता. उद्यानाच्या कडेला कचरा पडत होता. कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जात होती. कुत्र्यांच्या वासानं बिबट्या वस्तीपाशी येत होता. म्हणजे आपण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकलेल्या उष्ट्या भाताचं दुसरं टोक बिबट्याच्या जबड्यापाशी होतं. कचरा उचला, रात्री अंगणात उजेड ठेवा, मुलांना एकटं सोडू नका, असं वनखात्यानं आणि स्वयंसेवकांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन सांगितलं, त्याचा पिंजऱ्यांपेक्षा जास्त उपयोग झाला. याचीच दुसरी बाजू २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं मांडली. इथले बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खात असावीत, आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे व रेबीजचे कितीतरी प्रसंग टळत असावेत, असा त्यातला अंदाज होता. ज्याला आपण शहराचा शत्रू समजत होतो, तो शहरात एक नोकरीही करत होता.

दुसरं उदाहरण गिधाडांचं. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचा अंत्यविधी गिधाडांच्या भरवशावर शतकानुशतकं चालत आला होता. १९९० नंतर देशभरातली गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. काही जातींत तर शंभरातलं एकही उरलं नाही. कारण सापडलं ते २००३-०४ च्या सुमारास. गाईगुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करी. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. उघड्यावर पडलेली जनावरं सडू लागली, कुत्री वाढली, पाणी बिघडलं. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात सुमारे पाच लाख माणसं जादा दगावली असावीत, असा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. गोठ्यातल्या लंगड्या गाईला कळवळून औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात यातलं काय असणार? काहीच नाही. आमच्याही मनात काही नव्हतं.

तिसरं उदाहरण थोडं बुचकळ्यात टाकणारं आहे. ठाण्याच्या खाडीत, शिवडीच्या चिखलात दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. गुलाबी पंखांचे हे पाहुणे १९९० नंतरच्या दशकापासून मोठ्या संख्येनं दिसू लागले. त्यांतल्या लहान जातीचं मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ते शेवाळ फोफावतं त्याला एक मोठं कारण म्हणजे आपल्या गटारांतून खाडीत जाणारं पोषक सांडपाणी. म्हणजे जे पाहायला आपण दुर्बिणी घेऊन जातो, ते आपल्याच मोरीच्या पाण्यावर जगतं आहे. याचा अर्थ खाडीत घाण सोडत राहावी असा मुळीच नाही. घाण एका मर्यादेपलीकडे गेली की शेवाळ सडतं, प्राणवायू संपतो आणि पाहुणे पाठ फिरवतात. २०२२ साली या खाडीला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळालं. तिचं नशीब मात्र अजून आपल्या मोऱ्यांशीच बांधलेलं आहे.

सव्वीस जुलै

आता त्या दिवसाबद्दल. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वर्षभरात तिथं जेवढा पडतो त्यातला साधारण चाळीस टक्के, एका दिवसात. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा पाऊस नव्हता. दुपारी भरती होती. मी फोर्टातल्या कचेरीतून निघालो, दादरपर्यंत कसाबसा पोचलो आणि पुढे पाण्यातून चालत, माणसांच्या रांगेत माणसांचे हात धरून, दुसऱ्या दिवशी पहाटे घरी आलो.

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघते आणि सुमारे अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. कित्येक मुंबईकरांना ती नदी आहे हे त्या दिवशी कळलं. त्याआधी ते तिला नालाच समजत. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तिला काटकोनात वळवलेलं, काठांवर झोपड्या, गोदामं आणि कारखाने, मुखाशी तिवरांची दलदल बुजवून उभं केलेलं वांद्रे-कुर्ला संकुल. नदीला पावसाळ्यात हातपाय पसरायला जी जागा लागते ती आपण वापरात नसलेली जागा समजून घेऊन टाकली होती. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या शहराच्या जुन्या नाल्यांची ताकद होती तासाला २५ मिलिमीटरची, आणि तीही ओहोटी असेल तर. मुंबईत त्या पुरानं शेकडो माणसं गेली. पुढे माधवराव चितळे यांच्या समितीनं २००६ साली या सगळ्याचा अहवाल दिला.

आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. शेजारच्या मुलांनी काकूंना खुर्चीत बसवून आमच्या पहिल्या मजल्यावर आणलं होतं. मी घरात शिरलो तेव्हा त्या माझ्या बायकोचं लुगडं नेसून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. काकांचे फोटो, त्यांची पेटी, चाळीस वर्षांची पत्रं असलेली ट्रंक, सगळं खाली पाण्यात होतं. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता त्या म्हणतील, "बघ, पाणी कुठं गेलं ते." त्या तसं म्हणाल्या नाहीत, आजतागायत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तू जेवलास का रे?"

इथं हिशेबनिसानं खरं बोललं पाहिजे. आमचं अंगण मातीचं असतं तरी त्या दिवशीचा पूर थांबला नसता. ९४४ मिलिमीटर पाऊस कुठल्याच अंगणात मुरत नाही. काही वेळानं मातीही तुडुंब भरते. काकूंची ट्रंक आमच्या कोब्यानं बुडवली नाही. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

पण मग मी दुसरा हिशेब केला. चार हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ३७० चौरस मीटर. त्यावर साध्या मुसळधार दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर ३७ हजार लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर. पूर्वी त्यातलं बरंचसं पाणी उंबराच्या मुळाशी मुरायचं किंवा चिखलात रेंगाळून हळूहळू वाट काढायचं. कोब्यानंतर ते सगळं एकदम गटाराकडे धावू लागलं. आमच्या गल्लीत अशा वीस-पंचवीस सोसायट्या. प्रत्येकीनं आपापल्या सभेत हात वर केलेले. तेच गटार, तेच चेंबर, तीच मिठी. त्यामुळे २००५ नंतर नुसत्या जोराच्या सरीलाही आमच्या गल्लीत पोटरीएवढं पाणी साचायला लागलं. काकू पलंगाच्या पायांखाली विटा ठेवून राहू लागल्या. मोठ्या पुराचा दोष वाटून घ्यायला पुष्कळ जण आहेत. या विटांचा दोष मात्र आमचा, आणि तेवीसातला एक हिस्सा माझा.

गंमत अशी, की एकीकडे पाणी साचत होतं आणि दुसरीकडे उंबर तहानेनं वाळत होता. पाराबाहेर कोब्याखालच्या मातीला ना पाणी मिळत होतं ना हवा. आधी शेंड्याची पानं विरळ झाली. मग एकेक फांदी कोरडी पडली. तांबटाची टुकटुक कधी थांबली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०११ च्या वळवाच्या पावसात मोठी फांदी दोन गाड्यांवर पडली, आणि रीतसर परवानगी घेऊन आम्ही झाड काढलं. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढून टाका. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा आमच्या पारात उंबराचा नुसता खुंट होता.

पुढचा रविवार

आता आमची इमारत पाडून नवी होणार आहे. गल्लीतल्या तीन सोसायट्यांचं झालं, आता आमचा नंबर. सतरा मजले, दोन लिफ्ट आणि खाली गाड्यांसाठी जागा. नकाशा आला तेव्हा मी चष्मा लावून पाहिला. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत सगळं सिमेंट. बाग आहे, पण ती गाड्यांच्या छतावर, वीतभर मातीत. तिथं हिरवळ येईल, उंबर येणार नाही. बिल्डरचा माणूस चांगला आहे, समजावून सांगतो. मागच्या कुंपणालगत पंधरा फुटांची पट्टी उघड्या मातीची ठेवायची म्हटली, तर सहा गाड्यांची जागा जाईल. ती ठेवायची की नाही, हे सोसायटीनं ठरवावं. तोच पुढच्या रविवारचा सहावा विषय.

मी एक टिपण तयार केलं आहे. त्यात फार मोठं काही नाही. पट्टी मातीची ठेवावी. गच्चीचं पाणी नळानं खाली आणून तिथल्या शोषखड्ड्यात सोडावं. गाड्यांच्या वाटेवर कोब्याऐवजी फटी राहतील अशा लाद्या बसवाव्यात. ओला कचरा डेपोत न पाठवता त्याच पट्टीत खत करून जिरवावा. आणि दोन झाडं इथल्या मातीची लावावीत, म्हणजे त्यांच्यावर जगणाऱ्या पाखराकिड्यांना ती ओळखीची असतील. यानं मिठीचा पूर थांबणार नाही, मुंबईचा उकाडाही जाणार नाही. आमच्या वाट्याचे चार टँकर आम्ही आमच्याकडे ठेवू, एवढंच. गल्लीतल्या बाकीच्यांनी ते पाहिलं तर बरंच.

सहा गाड्यांच्या जागेचं मोल मला कळतं. ज्या सहा घरांना ती मिळणार नाही, त्यांत एक तरुण जोडपं आहे. नवरा रात्रपाळीला जातो. त्यानं मला जिन्यात गाठून विचारलं, "काका, तुमच्या वेळी तुम्हाला पार्किंग मिळालं, आमच्या वेळी झाडं का?" त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "माझी जागा तू घे. मी आता गाडी चालवत नाही." पण उरलेल्या पाचांचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही.

काकू आता ८७ वर्षांच्या आहेत. नव्या इमारतीत त्यांना चौथा मजला मिळणार आहे. परवा त्यांना टिपण वाचून दाखवायला गेलो. कान कमी झालेत, म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "पट्टीला उतार कुठल्या बाजूला देताय?"

मी नकाशा उघडला. उतार गटाराकडे होता. झाडांकडे नव्हता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

टिपणात एक ओळ वाढवून ते मी काल सेक्रेटरींकडे दिलं आहे.